कोर्स सगळ्यांचे झाले, पण पूर आल्यावर कोण कुठे?

पत्र: मोहोळ तालुक्यात सीनाकाठच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी आरोग्य सहाय्यक आहे. पावसाळ्याआधी सगळ्या कर्मचाऱ्यांचं आपत्कालीन प्रशिक्षण पूर्ण करून प्रमाणपत्रांसह यादी पाठवा, असं तालुक्यावरून पत्र आलंय आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. निम्म्या लोकांचं आयगॉटचं, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या पोर्टलचं, लॉगिन जुन्या मोबाईल नंबरवर आहे. दोघींचा कोर्स संपला तरी प्रमाणपत्र दिसत नाही. एकीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव आलंय. आमचा डेटा ऑपरेटर म्हणतो, "द्या सगळ्यांचे ओटीपी, एका दुपारात उरकतो." नव्या डॉक्टर मॅडम म्हणतात, अमेरिकेच्या फेमाचा, म्हणजे तिथल्या सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा, कोर्स करा, फुकट आहे आणि सर्टिफिकेटही मिळतं. निवृत्तीला आलेल्या एक सिस्टर मोबाईलला हात लावत नाहीत. आशाताई विचारतात, आम्हाला कोण शिकवणार? यादी पाठवून मी मोकळा होईन, पण गेल्या पुरासारखं पुन्हा झालं तर? — एक आरोग्य सहाय्यक

उत्तर:

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्याच्यावर अवलंबून आहेत. यादी पाठवणं हे एक काम, माणसं तयार ठेवणं हे दुसरं. तालुक्याला पहिलं हवंय, तुम्हाला दुसरं. दोन्ही होतं, फक्त सुरुवात कुठून करायची ते नीट ठरवा. कोणते कोर्स उपलब्ध आहेत ते बघून माणसं त्यात कोंबू नका. पूर आला तर आपल्या केंद्रात कोणाला काय करावं लागेल ते आधी कागदावर उतरवा. त्या कामासाठी कोणाला काय यायला हवं, ते त्याच्यापुढे लिहा. कोर्स शोधायचा तो यानंतर.

2025 च्या सप्टेंबरात काय झालं ते तुम्ही पाहिलंयच. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांचं पाणी सुटलं आणि लांबोटीला पुणे महामार्ग बंद पडला. तिकडे वडकबाळला विजयपूरचा रस्ताही गेला. म्हणजे मोहोळहून पेशंट सोलापूरला सिव्हिलला न्यायचा आपला रोजचा सरळ रस्ताच राहिला नाही. 108 ला फोन लागूनही गाडी पलीकडच्या काठावर उभी, अशी ती परिस्थिती. म्हणून तुमच्या कागदाला पहिल्यांदा नदीची रेघ मारा. कोणतं उपकेंद्र, कोणती वस्ती अलीकडे आणि कोणती पलीकडे? कोणती सिस्टर गावात मुक्कामी असते आणि कोण सोलापुरातून अप-डाउन करतं? मुख्यालयी राहत असल्याचा दाखला सगळ्यांचाच फाइलला असतो, मी खरं विचारतोय. रात्री दोन वाजता पाणी चढलं तर पलीकडच्या वस्तीत आपलं म्हणावं असं कोण असेल? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं, आशाताई. आणि प्रशिक्षणाच्या यादीत नेमकं तिचंच नाव नसतं.

आता कामं. सगळ्यात आधी ज्यांना आपण पुराच्या आधीच हलवू शकतो, ते लोक. ज्यांची तारीख पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आहे अशा गरोदर बायकांची यादी सेविकेच्या रजिस्टरमध्ये असतेच. धरणातून विसर्ग वाढतोय असं कळलं की त्या बायका पाहुण्यांकडे, मोहोळला किंवा सोलापूरला जायला हव्यात, पाणी दारात आल्यावर नव्हे. टीबीच्या, शुगरच्या, बीपीच्या पेशंटांना पुढच्या गोळ्या हातात. डायलिसिसवाले कोण आहेत ते माहीत असायला हवं. यासाठी कुठलाही कोर्स लागत नाही, फक्त कोणी एकाने हे काम आपलं मानायला हवं.

दुसरं काम पाण्याचं. पूर ओसरल्यावर माणसं बुडत नाहीत, दूषित पाण्याने आजारी पडतात. इथे प्रशिक्षण म्हणजे व्हिडिओ नव्हे, हाताने करायचं काम. पाणी शुद्ध करायच्या ताज्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरमध्ये तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. हजार लिटरला पाच ग्रॅम हा सगळ्यांना पाठ असलेला हिशोब त्या ताज्या पावडरीचा आहे. गोदामात उघड्या पोत्यात ओल लागून पडलेल्या पावडरीला तो लागू होत नाही. म्हणून टाकी भरून पावडर टाकायची, अर्धा तास थांबायचं आणि ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का ते बघायची चाचणी, करायची. ट्यूबमध्ये रंग नीट पिवळा आला तर ठीक, नुसती पिवळी झाक दिसली किंवा तीही दिसली नाही तर मात्रा वाढवायची. एरवी नळाच्या पाण्यात लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असलं तरी चालतं, साथीच्या आणि पुराच्या दिवसांत 0.5 धरा. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी तुमच्या यादीत नसतो, पण टाकीवर चढणारा तोच. त्याला बोलवा. तुमच्या आरोग्य सेवकाने आणि त्याने मिळून एकदा केलेली ओटी टेस्ट दहा प्रमाणपत्रांपेक्षा उपयोगी आहे.

तिसरं काम जखमी आणि साप चावलेले. पुरात बिळं बुडाली की साप घरात येतात, हे तुम्हाला सांगायला नको. सर्पदंशाची लस केंद्रात किती आहे, हे स्टॉक रजिस्टर बघून सांगणारा फार्मासिस्ट आणि वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करता येणारी एक तरी सिस्टर प्रत्येक पाळीत हवी. ही चाचणी दिसायला सोपी, पण ट्यूब काचेची हवी, कोरडी आणि स्वच्छ हवी आणि वीस मिनिटं तिला कोणी हलवायचं नाही. प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये केली तर उत्तर चुकीचं येतं. असल्या बारक्या गोष्टी हातात काचेची ट्यूब घेतल्यावरच लक्षात राहतात.

चौथं, लसींचा फ्रीज. लाइट गेली तर जनरेटर कोण चालू करणार, डिझेल कुठे आहे, तापमान 2 ते 8 च्या बाहेर गेलं तर कोणाला कळवायचं. शीतसाखळी सांभाळणारा माणूस पुरात अडकला तर दुसरा कोण? एवढ्यावर हे थांबवतो.

आता वरचं चित्र. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्ये प्रतिसाद यंत्रणेची मार्गदर्शिका काढली. इंग्रजी अक्षरांवरून तिला आयआरएस म्हणतात. तिच्यानुसार तालुक्यात घटनास्थळाचा प्रमुख म्हणजे तहसीलदार. तुम्ही त्यांच्या खालच्या वैद्यकीय गटात. हे माहीत नसेल तर काय होतं? छावणीत तहसीलदार सांगतात एक, तालुका आरोग्य अधिकारी फोनवर सांगतात दुसरं आणि सरपंच सांगतात तिसरं. मग सिस्टर तिघांचंही ऐकते आणि रात्रभर पळत राहते. म्हणून तहसील कार्यालयात जाऊन तालुक्याचा आराखडा मागा आणि आपल्या केंद्राचं नाव त्यात कुठल्या पानावर आहे ते बघा. नाव नसेल तर तिथेच घालून घ्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असू द्या.

फेमाचं उत्तर इथेच. मॅडमचं अगदीच चूक नाही. त्यांचा आयसीएस-100 हा कोर्स घटनास्थळी कोण कोणाच्या हाताखाली काम करतं त्या पद्धतीचा आहे. तो फुकट आहे, घरी बसून वाचता येतो, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर आधी त्यांचा विद्यार्थी क्रमांक काढावा लागतो. 1970 च्या कॅलिफोर्नियातल्या वणव्यांनंतर ही पद्धत आकाराला आली आणि आपल्या यंत्रणेचा सांगाडा तिच्यावरूनच घेतलाय. ज्याला इंग्रजी वाचायला आवडतं त्याने जरूर करावा, डोकं स्पष्ट होतं. पण तिथे पैशांचा हिशोब हा वेगळा विभाग असतो, आपल्याकडे तो लॉजिस्टिक्सच्या खाली येतो. तिथले कौंटी, शेरीफ, गव्हर्नर वाचून आपला तहसीलदार कुठे बसतो ते कळणार नाही. शिवाय तालुक्याला हवंय ते आपल्या विभागाच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. मॅडमना हा कोर्स स्वतः करू द्या आणि नंतर त्यांनाच अर्धा तास बसवून आपल्या तालुक्याच्या आराखड्यावर मराठीत समजावायला लावा. त्यांनाही बरं वाटेल.

आयगॉटचा घोळ बराचसा कारकुनी आहे, डोकं शांत ठेवून केला तर आठवड्यात सुटतो. लॉगिन मोबाईल नंबरवर आणि ओटीपीवर चालतं, म्हणून आधी कोणाचा नंबर बदललाय त्याची यादी करा. नंबर आणि नाव दुरुस्त करायचं काम आपल्या विभागाचा नोडल अधिकारी, म्हणजे पोर्टलवरचा ॲडमिन करू शकतो. प्रत्येकीने वेगळा फोन करून उपयोग नाही. एकाच अर्जात सगळ्यांची नावं, सेवापुस्तकातलं नाव, जुना नंबर, नवा नंबर, ईमेल आणि पदनाम असं टाकून तालुक्यामार्फत पाठवा. आडनावाचं म्हणाल तर प्रोफाइलमध्ये जे असेल तेच प्रमाणपत्रावर छापून येतं, म्हणून पुढचा कोर्स सुरू करण्याआधी प्रोफाइल दुरुस्त करा. आलेलं प्रमाणपत्र फेकू नका, लग्नानंतरच्या नावाच्या राजपत्राची किंवा विवाह नोंदणी दाखल्याची प्रत सोबत लावून ठेवा. दोघींचं प्रमाणपत्र दिसत नाही म्हणता, त्यांची टक्केवारी बघा. मधली एखादी पीडीएफ उघडलेली नसते, नाहीतर शेवटचा अभिप्राय किंवा चाचणी राहिलेली असते आणि कोर्स शंभरच्या थोडा अलीकडे अडकतो. शंभर दिसत असूनही प्रमाणपत्र आलं नाही तर स्क्रीनशॉट काढा, तारखेसह. तोच पुरावा.

आणि प्रमाणपत्र आलं की त्याच दिवशी उतरवून ठेवा. कोविडच्या वेळी 2020 मध्ये दीक्षा पोर्टलवर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी घाईघाईने कोर्स चढवले होते. त्यातली किती प्रमाणपत्रं आज कोणाच्या हातात आहेत, हे तुमच्या केंद्रात विचारून बघा. पोर्टल बदलतात, नंबर बदलतात, बदल्या होतात. एक प्रत तिच्या मोबाईलवर, एक केंद्राच्या संगणकावर आणि एक छापून फाइलला.

डेटा ऑपरेटरला मात्र नाही म्हणा. प्रेमाने, पण स्पष्ट. ओटीपी दुसऱ्याला देणं गैर आहे हे तर झालंच. त्याहून मोठी अडचण अशी की उद्या त्या सिस्टरला छावणीवर नेमताना वरचा अधिकारी तीच यादी बघणार आणि "हिला येतंय" असं धरून चालणार. न केलेल्या कोर्सचा भार तिच्याच अंगावर पडेल. त्या पोराची मदत हवीच असेल तर त्याला शनिवारी दुपारी लसीकरण नसताना ओट्यावर बसवा. वायफायचा पासवर्ड द्या. सगळ्यांनी आपापला मोबाईल घेऊन बसायचं, अडेल तिथे त्याने सांगायचं, उत्तरं मात्र जिची तिनेच द्यायची. आवाज बंद करून बाजूला चालू ठेवलेला कोर्स कोणाचा आहे, हे अशा बैठकीत आपोआप कळतं.

आता प्रात्यक्षिक. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्या केंद्रांत हेच सुटतं. एकदम खूप जखमी आले तर आधी कोणाकडे बघायचं, ते रंगाच्या पट्ट्यांनी ठरवायचा हा सराव: लाल म्हणजे ताबडतोब, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकतो, हिरवा म्हणजे किरकोळ, काळा म्हणजे गेलेला. केंद्राच्या आवारात दहा-बारा माणसं उभी करा, आशाताईंची घरातली मंडळी, शाळेतली मोठी मुलं, कोणीही. प्रत्येकाच्या छातीला चिठ्ठी लावा: श्वास मिनिटाला चाळीस, नाडी लागते. श्वास वीस, नखाचा रंग परत यायला चार सेकंद. श्वास नाही. श्वास अठरा, पण हाक मारली तर हात वर करत नाही. मग एका सिस्टरला पुढे करा आणि तिला पहिलं वाक्य मोठ्याने म्हणायला लावा: "ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या लिंबाच्या झाडाखाली या." जे चालत गेले ते हिरवे. जे पडून राहिले त्यांच्याकडे वाकून आधी श्वास. नाही, तर मान सरळ करून श्वासमार्ग मोकळा करून बघा. श्वास आला, तर लाल. तरी नाही, तर काळी पट्टी आणि पुढे. श्वास तीसच्या वर, लाल. नख दाबून रंग दोन सेकंदांत परत आला नाही, लाल. साधी सूचना पाळत नाही, लाल. उरलेले पिवळे. एका माणसावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास.

पहिल्या खेपेला काय होतं सांगू? सिस्टर पहिल्याच लाल पेशंटजवळ बसते आणि सलाइनची तयारी सुरू करते. साहजिकच आहे, आयुष्यभर तेच शिकलेलं असतं. काळी पट्टी बांधताना हात थबकतो. तिला टोकू नका, खेळ संपल्यावर विचारा की तू इथे होतीस तेव्हा त्या भिंतीजवळच्याचं काय झालं. दुसऱ्या खेपेला ती आपोआप पुढे सरकते. रंगीत पट्ट्यांसाठी बाजारातून काही आणायची गरज नाही, साडीच्या दुकानातल्या चिंध्या पुरतात. स्ट्रेचर कमी पडतात म्हणून दोन बांबू आणि एक जाड सोलापुरी चादर घेऊन तेही करून बघा. आधी तुमच्यातल्या सगळ्यात वजनदार माणसाला त्यावर झोपवा, हशा होईल आणि चादरीची घडी कशी घालायची ते सगळ्यांच्या कायमचं लक्षात राहील.

सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबणं, तेही हातानेच. मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, छाती पूर्ण वर येऊ द्यायची. सरावाचा पुतळा केंद्रात नसेल तर जिल्हा प्रशिक्षण केंद्राकडे किंवा सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीने मागणी करा. वैद्यकीय अधिकारी आणि स्टाफ नर्ससाठी आरोग्य मंत्रालयाचं राष्ट्रीय आपत्कालीन जीवरक्षण प्रशिक्षण आहे, त्यासाठी नावं पाठवायची असतील तर तालुक्याला आत्ताच द्या, जागा मर्यादित असतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण) कार्डाची मुदत दोन वर्षं असते, पण हाताची सवय त्याच्या कितीतरी आधी सुटते, काही महिन्यांतच.

आणि म्हणूनच सगळं मे महिन्यात उरकायचा हट्ट सोडा. "पावसाळ्याआधी" हा शब्द मुंबई-कोकणासाठी बरोबर आहे. आपण पर्जन्यछायेतले. आपला मोठा पूर जूनमध्ये येत नाही, परतीच्या पावसात येतो. 2020 ला ऑक्टोबरात भीमेला आला, 2025 ला सप्टेंबरात सीनेला. मेमध्ये शिकवलेलं सप्टेंबरात कोणाला आठवणार? मध्ये आषाढी येते, तुमची निम्मी माणसं पंढरपूरच्या वारीसाठी वाखरीला, 65 एकरात, पालखी मार्गावर ड्युटीला जातात. म्हणून उन्हाळ्यात उष्माघात शिकवा. अंग तापलंय आणि माणूस बरळतोय, तर आधी पाणी ओतून, वारा घालून थंड करायचं आणि मग गाडीत घालायचं, हा क्रम कर्मचाऱ्यांना आणि आशाताईंना तोंडपाठ हवा. जूनमध्ये वारीसाठी गर्दी, जुलाब आणि पाणी. पुराचं प्रात्यक्षिक ऑगस्टच्या शेवटी, वारीची माणसं परत आल्यावर. ऑनलाइन कोर्स मात्र आत्ता उरका, त्यात तालुक्याचंही समाधान होईल.

आता यादी. दोन रकाने वेगळे ठेवा: "ऑनलाइन पूर्ण" आणि "प्रात्यक्षिक केलं". पहिल्यात प्रमाणपत्र क्रमांक आणि तारीख, दुसऱ्यात कोणासमोर केलं आणि कधी, आणि पुढे मुदत संपायची तारीख. त्याच कागदावर शेवटचा रकाना: "पुरातली जागा". तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना हीच यादी पाठवा. प्रात्यक्षिकाच्या रकान्यात रिकाम्या जागा दिसल्या तर त्यांनी रागवावं म्हणून नव्हे, तर त्यांनी पुतळा आणि प्रशिक्षक मिळवून द्यावा म्हणून. रिकामी जागा दाखवून मागितलेली गोष्ट मिळण्याची शक्यता जास्त, भरलेली यादी पाठवणाऱ्याला कोणी काही देत नाही. केंद्रातून बदली होऊन जाणाऱ्या माणसाला त्याच्या प्रमाणपत्रांच्या प्रती देऊन पाठवा. नव्याने आलेल्याला पहिल्याच आठवड्यात त्याची पुरातली जागा सांगा. आणि ज्यांची बदली अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरच्या कानडी पट्ट्यात होईल त्यांनी "चालता येतंय त्यांनी इकडे या" हे वाक्य कानडीत शिकून घ्यावं, तिथली आशाताई एका मिनिटात शिकवेल.

आशाताईंचं प्रशिक्षण मासिक सभेत बसवा. त्यांना पोर्टलमध्ये अडकवू नका. दर सभेत एकच विषय: एकदा ओटी टेस्ट, एकदा ओआरएस आणि जलशुष्कता, एकदा साप चावल्यावर काय करायचं नाही, म्हणजे चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही. हजेरीपटावर विषय लिहून वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही घ्या, हाच त्यांचा पुरावा. त्या दिवशीचा चहा-नाश्ता आणि लॅमिनेट केलेली कार्डं जनआरोग्य समितीच्या निधीतून होतील का, ते मॅडमना विचारून ठरावात घ्या.

राहिल्या निवृत्तीला आलेल्या सिस्टर. मोबाईलवरून त्यांच्याशी वाद घालू नका. कोर्स लागणारच आहे, तर एखाद्या सेविकेने शेजारी बसून स्क्रीन दाखवावी, उत्तरं सिस्टरनी द्यावीत, बोट कोणाचंही असो. पण त्याआधी त्यांना तुमचा नदीच्या रेघेचा कागद दाखवा. कोणत्या वस्तीत पाणी आधी शिरतं, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोणाकडे ट्रॅक्टर आहे आणि रात्री हाक मारली तर कोण तो काढेल, हे तुमच्या केंद्रात त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसणार. ते त्यांच्या तोंडून लिहून घ्या, वस्तीवार, त्या निवृत्त व्हायच्या आत.